डाकोटातला डबा आणि कॅप्टनचा डावा कान

किस्से ठरवून जमवता येत नाहीत. घडतात तेव्हा जीव टांगणीला लागलेला असतो, हसायला फुरसत कुणाला! मग वर्षं जातात, आपण धडधाकट आहोत याची खात्री पटते, आणि एखाद्या लग्नात पंगत उठल्यावर कुणीतरी पान लावता लावता म्हणतं, "मेश्राम, तो डब्याचा किस्सा सांग ना!" एक सांगितला की त्याच्या मागून दुसरा येतो, दुसऱ्याच्या मागून तिसरा. शेवटी बायको लांबून खूण करते की आमच्या लांजीची बस निघाली.

डबा म्हणजे जेवणाचा नव्हे. साठीच्या दशकात बैहरकडच्या एका माळावर धावपट्टी होती आणि तिथे आमच्या सर्व्हे कंपनीचा तळ होता. तंबू, एक जीप आणि एक म्हातारं डाकोटा विमान. ते विमान जंगलावरून, डोंगरांवरून अगदी खालून सरळ रेषेत न्यायचं, आणि मागे ठेवलेल्या यंत्रांनी जमिनीखाली तांबं आहे की मँगनीज ते टिपून घ्यायचं. मी नागपुरात रेडिओ दुरुस्ती शिकलो होतो, म्हणून मला घेतलं. काम जमिनीवरचं आहे, असं मी आईला सांगितलं होतं. मलाही तसंच वाटत होतं. पहिल्याच आठवड्यात कळलं की विमानातले डबे हवेत बिघडतात, तेव्हा दुरुस्त करणाराही हवेतच हवा!

डाकोटात इंजिनांचा असा गदारोळ असायचा की शेजारच्यानं बोंब मारली तरी ऐकू येत नसे. म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर हेडफोन, गळ्याला माईकचा पट्टा आणि हाताशी एक काळा डबा. डब्यावर फिरवायचं बटण. ते 'इंटर'वर ठेवलं की बोलणं विमानातल्या विमानात. 'कमांड'वर ठेवलं की बोलणं बाहेरही, तळावरच्या तंबूतल्या रेडिओवर. आणि शेवटी होतं 'कॉल'. त्याला आम्ही 'हाक' म्हणायचो. ते जोर लावून धरून ठेवावं लागे, सोडलं की परत मागे येई. पण हाक धरली की दुसऱ्याचं बटण कुठेही असो, तुमचा आवाज सगळ्यांच्या कानात जायचा.

विमानात आम्ही तिघं. डावीकडे कॅप्टन सोहोनी, पुण्याचे, केस पिकलेले, इस्त्री मोडलेली चालायची नाही. उजवीकडे सहवैमानिक माथुर, भोपाळचा. मागे यंत्रांपाशी मी. कॅप्टनची नजर बाहेर, रेषेवर. माथुरची नजर उंचीच्या काट्यावर. डोंगर वर येऊ लागला की माथुर म्हणणार "अप!" आणि कॅप्टन विमान वर घेणार. म्हणजे तिघांचा जीव त्या एका शब्दावर, आणि तो शब्द माझ्या डब्यातून जाणार! मी मुळातला घाबरट माणूस. सायकलवरून उतारावर जातानासुद्धा मी उतरून चालतो.

*

उडण्याआधी कॅप्टन हजेरी घेत. विमानातल्या प्रत्येकानं आपलं बटण कुठे आहे आणि ऐकू येतंय का ते सांगायचं, मगच चाकं हलायची.

माझा पहिला दिवस. इंजिनं सुरू झाली. कानात कॅप्टनचा आवाज आला, "मागे ऐकू येतंय का?"

मी जोरात मान हलवली.

"मागे! ऐकू येतंय का?"

मी आणखी जोरात हलवली. हेडफोन नाकावर आला.

तिसऱ्यांदा विचारलं, मी तिसऱ्यांदा हलवली. मग इंजिनं बंद झाली. कॅप्टन उठून मागे आले. मी बेशुद्ध पडलो की काय, अशी त्यांना शंका आली होती. मी तर ताठ बसलेलो, मान अजून हलतेच आहे!

त्यांनी माझा हेडफोन सरळ केला. मग म्हणाले, "मेश्राम, मान हलवलेली या डब्यातून जात नाही."

*

एकदा मोठे साहेब तळावर आले. मोठे म्हणजे हुद्द्यानं, आणि अंगानंही. त्यांना विमानात घेऊन एक चक्कर मारली, उतरवलं आणि आम्ही पुन्हा कामाला वर गेलो. वर गेल्यावर कॅप्टन मजेत म्हणाले, "माथुर, साहेब उतरले आणि विमान कसं फुलासारखं हलकं झालं बघ!"

माथुरनं डोक्याला हात लावला. मी गुपचूप माझंही बटण 'कमांड'वर फिरवलं. कारण आम्हा दोघांना दिसत होतं की कॅप्टनचं बटण 'कमांड'वर आहे!

थोड्या वेळानं तंबूतून साहेबांचा आवाज आला, "कॅप्टन, मी इथेच बसलोय. जमीन अजून खचलेली नाही."

तळावर हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. जीप चालवणारा बिसेन तर पोट धरून खालीच बसला होता. मला मात्र हसू आलं नाही. कारण असं आहे, बटण 'कमांड'वर असलं की कानात सारखी खरखर असते. 'इंटर'वर नसते. बघायची गरजच नाही, कुणालाही ऐकूनच कळतं. कॅप्टनना कळलं नव्हतं.

*

त्यानंतर त्यांची तक्रार सुरू झाली. "मेश्राम, तुझा डबा नीट चालत नाही. डावी बाजू बंद आहे."

मी डबा उघडला, पुसला, व्हॉल्व्ह बदलला, तारा बदलल्या. लावून बघितला की खणखणीत! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, "डावी बंद आहे."

मग एक दिवस मी हेडफोन कॅप्टनना देताना गुपचूप उलटा करून दिला. डाव्या कानाची वाटी उजव्या कानावर गेली. वाटीत दोष असेल तर आता उजवी बाजू बंद पडायला हवी.

कॅप्टननी हेडफोन घातला, ऐकलं आणि वैतागून म्हणाले, "अरे, डावीच बंद आहे अजून!"

म्हणजे बंद होता तो डबा नव्हे, कान! मी उतरून माथुरला गाठलं आणि सगळं सांगितलं. तो सिगारेट पेटवत म्हणाला, "तुझे आज पता चला? बायाँ तो गया हुआ है. अब दायाँ भी जा रहा है."

"मग तुमी काहून नाई सांगितलं कोनाले?"

"किसको बताऊँ? डॉक्टर को पता चला तो लाइसेंस गया. उस आदमी को और आता क्या है?"

खरंच होतं ते. कॅप्टनना विमानाशिवाय काही येत नव्हतं. चहासुद्धा करता येत नव्हता. पण डोंगरालाही त्यांच्या लायसन्सची काही पडलेली नव्हती! सांगावं तर त्यांचा जन्म वाया, न सांगावं तर आम्हा तिघांचे जीव जाणार. त्या दिवसापासून मला घास गोड लागेना.

आम्ही आपल्यापरीनं तोड काढली. माथुर प्रत्येक शब्द मोठ्यानं, तुटक तुटक बोलू लागला, तोही कॅप्टनकडे तोंड करून. कॅप्टननी तसं बजावलंच होतं, "बोलताना माझ्याकडे बघत जा. मला पाठीशी बोललेलं आवडत नाही." आणि मी डब्याचा आवाज इतका वाढवून ठेवला की माझेच कान दुखायला लागले.

*

याचा परिणाम घरी झाला. मी सुट्टीला लांजीला गेलो, ओट्यावर बसून आईला म्हटलं, "माय, च्या दे."

शेजारच्या दोन घरांतून बायका बाहेर आल्या.

"काहून वरडून राह्यला रे?" आई म्हणाली. "इमानवाल्यांत राहून आला तं आमाले बहिरे समजतं का?"

मला खूप वाटलं की तिला सगळं सांगून मोकळं व्हावं. पण मी जमिनीवर काम करतो ना!

*

मग डॉक्टर आले. कंपनीचेच, वैमानिकांना तपासायला. बालाघाटच्या रेस्ट हाऊसवर बोलावणं होतं. कानाची तपासणी त्या काळी साधी असायची. वैमानिकानं भिंतीकडे तोंड करून एका कानात बोट घालून उभं राहायचं, मागून डॉक्टर कुजबुजत आकडा म्हणणार, तो त्यानं सांगायचा.

माथुरनं आदल्या दिवशीच बेत केला. कॅप्टनना त्यानं काहीच सांगितलं नाही, एवढंच म्हणाला, "सर, दीवार के बजाय खिड़की की तरफ़ मुँह करके खड़े रहिए, हवा आती है." खिडकीबाहेर व्हरांड्यात मी. डॉक्टरांचे ओठ मला समोर दिसणार आणि मी बोटं दाखवणार.

"पाच," डॉक्टर कुजबुजले. मी पंजा दाखवला.

"पाच!" कॅप्टन म्हणाले.

"दोन." मी दोन बोटं.

"दोन!"

सात आला तेव्हा माझ्या एका हातात चहाची कपबशी होती. ती मी घाईघाईनं खिडकीत आपटली आणि सात दाखवले. "सात!" सगळं झकास चाललं होतं. माझा घाम बाकी थांबत नव्हता.

एवढ्यात डॉक्टरांना खोकला आला. त्यांनी तोंडावर रुमाल धरला आणि रुमालाआडूनच पुढचा आकडा म्हटला. ओठ दिसेनात! मी घाबरून दोन्ही हात पसरले, म्हणजे 'काही कळलं नाही' म्हणून.

"दहा!" कॅप्टन ठासून म्हणाले.

डॉक्टर थांबले. त्यांनी कॅप्टनकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. खिडकीत मी, दोन्ही हात तसेच वर!

"कानांचं नंतर बघू, कॅप्टन," डॉक्टर म्हणाले. "डोळे मात्र तुमचे फार उत्तम आहेत."

भला माणूस. आरडाओरडा केला नाही. पण सहीही केली नाही. पुढच्या महिन्यात नागपूरला या, तिथे यंत्रावर कान तपासू, म्हणाले. तोवर उडायला हरकत नाही, असं बोलून कपबशी माझ्या हातात दिली आणि निघून गेले.

परतताना जीपमध्ये कॅप्टन एकदाच म्हणाले, "एक महिना म्हणजे पुष्कळ असतो रे." कुणाला म्हणाले ते कळलं नाही.

*

बिसेन परसवाड्याचा. वरून आपलं शेत बघायची त्याला फार हौस. एकदा यंत्रं तपासायला नुसतीच फेरी मारायची होती, तेव्हा कॅप्टन म्हणाले, चल. मी त्याला माझ्या शेजारी बसवलं, हेडफोन घातला, माईकचा पट्टा बांधला आणि बोलताना दाबायची कळ त्याच्या हातात दिली. "बोलाचं असन तं दाबजो. नाई तं सोडून दे."

विमान उडालं आणि बिसेनला शेताचा विसर पडला. त्यानं डोळे गच्च मिटले, मुठी आवळल्या. एका मुठीत ती कळ! मग आमच्या सगळ्यांच्या कानात सुरू झालं, "माय वो, देवी माय, लेकरं लहान आहेत वो, मले खाली ने वो... आता नाई येत कधी... गाडीच बरी वो माय..."

मी त्याच्या मुठीतून कळ सोडवायला गेलो, तर तो मलाच बिलगला. पुढे डोंगर वर येत होता. माथुर "अप" म्हणत असणार, पण बिसेनच्या गाऱ्हाण्यापुढे काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मागून मला माथुर दिसत होता, कॅप्टनकडे तोंड करून ओरडत असलेला. मी हाक धरायला हात लांबवला, आणि विमान आपलं वेळेवर वर गेलं. खालून सागाचे शेंडे सरकले.

आणि मग बिसेन म्हणाला, डोळे मिटलेलेच, "माय, आमाले सुखरूप उतरव. अन् आमच्या सायबाचा कान बरा कर वो. तुले बोकड देतो."

माथुर मागे वळून माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे. म्हणजे बिसेनलाही माहीत! इतके दिवस आम्ही दोघं लपवत होतो ते सगळ्या तळाला माहीत होतं!

कॅप्टननी मात्र ऐकलं नसणार, एवढं एक समाधान होतं.

विमान उतरलं. बिसेन खाली उतरून जमिनीच्या पाया पडत होता. कॅप्टन त्याच्याजवळून जाताना थांबले आणि म्हणाले, "बोकड महाग पडेल रे. कोंबडीवर भागतं का विचार देवीला."

"हौ जी," बिसेन म्हणाला आणि रडायलाच लागला.

*

तेव्हापासून माझी झोप उडाली. माथुर म्हणे, "दायाँ कान अभी थोड़ा चलता है, इसलिए सुना." चालत असेल. पण किती चालतो, आणि कोणत्या दिवशी बंद पडेल, हे कुणी सांगावं? डोळ्यांपुढे सारखा तो डोंगर यायचा.

महिना संपत आला होता. मोठे साहेब पुन्हा तळावर येणार होते. मी मनाशी पक्कं केलं, आता बस. कॅप्टन शिव्या देतील, माथुर बोलणं टाकेल, पण साहेबांना सांगून टाकायचं. सकाळी साहेब जीपमधून उतरले तसा मी जवळ गेलो. "साहेब, मला तुमच्याशी बोलायचं आहे. एकट्याशी."

"आत्ता?"

"उतरल्यावर."

आत्ताच का नाही सांगितलं? कॅप्टन समोरच उभे होते, माझ्या खांद्यावरची धूळ झटकत. माझ्यानं झालं नाही.

उन्हाळ्याचे दिवस. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडांखालचा पाला जाळत, त्याचा धूर सगळ्या दरीत भरून राहिलेला. डोंगराचा कडा धुरातून अगदी जवळ आल्यावरच दिसायचा. हजेरी झाली. "मागे?" "इंटर. ऐकू येतंय." सगळ्यांचं सगळं खणखणीत. आम्ही उडालो.

दुसरीच रेषा चालू होती. माझ्या कानात टक्कन वाजलं आणि एकदम सामसूम. जळका वास आला. सगळ्या डब्यांचा मिळून असलेला फ्यूज! मी नवा घातला, तोही गेला. आणखी एक घातला, तोही गेला. बटण 'इंटर'वर, काही नाही. 'कमांड'वर, खरखरसुद्धा नाही. मी हाक धरली आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो, "साहेब, वर घ्या! डबा बंद आहे, वर घ्या!" माझा आवाज माझ्याच कानात आला नाही. इतक्या महिन्यांत ज्याची भीती बाळगली ते आज समोर उभं होतं, आणि पुढे बसलेल्यांना त्याची खबर नव्हती.

मी खुर्चीचा पट्टा सोडला आणि यंत्रांना धरत, धडपडत पुढे निघालो. विमान एकदम वर गेलं, मी गुडघ्यावर आपटलो. परत खाली. परत वर. मी रांगत कॉकपिटच्या दाराशी पोचलो.

माथुरचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याला कळलं होतं. तरीही तो काट्याकडे बघायचा, कॅप्टनकडे तोंड करायचा आणि सवयीनं म्हणायचा, "अप." मला त्याचे ओठ हलताना दिसत होते. आवाज म्हणून काही नव्हता. आणि कॅप्टन दर खेपेला त्या ओठांकडे ओझरतं बघून विमान वर घेत होते, हवं तेवढंच, हवं तेव्हाच. समोरचा कडा धुरातून आला आणि आमच्या पोटाखालून निघून गेला. कॅप्टन डाव्या हातानं सुकाणूचं चाक धरून, उजव्या हातानं मांडीवर ताल धरून बसले होते.

मी माथुरच्या खांद्याला धरलं. त्यानं मान हलवली, बोलू नकोस म्हणून. आम्ही ती रेषा पुरी केली, पुढचीही पुरी केली आणि उतरलो.

बिसेननं शिडी लावली. खाली मोठे साहेब उभे होते.

"हं, मेश्राम," ते म्हणाले. "काय सांगायचं होतं तुला?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मागून कॅप्टन उतरले आणि त्यांनी माझ्या पाठीवर जोरात थाप मारली.

"तो काय सांगणार, साहेब! मी सांगतो. इतके दिवस याला बोलत होतो, पण आज याच्या डब्यानं कमाल केली. इतका स्वच्छ आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. माथुरचा एक शब्द चुकला नाही!"